एक्लिप्स की नेटबीन्स? स्विंग, एसडब्ल्यूटी आणि जावाएफएक्स एकत्र नांदवण्याचा तुलनात्मक आढावा

जावामध्ये वर्षानुवर्षे वाढत गेलेले एखादे डेस्कटॉप सॉफ्टवेअर मॉड्यूलमध्ये, म्हणजे स्वतंत्र सुट्या भागांत, विभागायचे ठरले, की चर्चेत दोन नावे हमखास येतात: एक्लिप्स रिच क्लायंट प्लॅटफॉर्म आणि नेटबीन्स प्लॅटफॉर्म. विंडोंची मांडणी, मेनू, अपडेट, मदतीची पाने, मॉड्यूलमधील परस्परावलंबन ही सगळी कामे दोन्हीकडे तयार मिळतात आणि त्या बाबतीत दोघांपैकी कोणीही मागे नाही. अडचण येते ती स्क्रीनची, म्हणजे बटणे, तक्ते वगैरे पुरवणाऱ्या टूलकिटची. जुने स्क्रीन बहुधा स्विंगमध्ये लिहिलेले असतात, नवे आलेख किंवा डॅशबोर्ड कोणाला तरी जावाएफएक्समध्ये हवे असतात, आणि एक्लिप्सचा स्वतःचा संसार तर एसडब्ल्यूटीवर उभा आहे. हा आढावा त्या एकाच प्रश्नापुरता आहे: ज्या चमूला एकाहून अधिक ग्राफिकल टूलकिट एकाच मॉड्यूलर प्लॅटफॉर्मवर चालवायचे आहेत, तिने कोणता प्लॅटफॉर्म घ्यावा आणि कोणती जोडणी टाळावी.

अशा तुलना सहसा दिसण्यावरून केल्या जातात. स्विंग जुनाट दिसते, एसडब्ल्यूटी विंडोजसारखे दिसते, जावाएफएक्स आधुनिक दिसते, असे म्हणून निर्णय होतो आणि सहा महिन्यांनी त्याचा पश्चात्ताप होतो. माझ्या मते निर्णयाआधी दोनच गोष्टी विचारायच्या असतात. पहिली, स्क्रीनवरील घटना कोणत्या थ्रेडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कामाच्या कोणत्या धाग्यावर, हाताळल्या जातात. दुसरी, टूलकिटचे वर्ग (क्लास) आणि त्याच्या नेटिव्ह लायब्ररी (त्या त्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठीचा तयार कोड) कोणता क्लासलोडर, म्हणजे वर्ग शोधून मेमरीत आणणारा जावाचा भाग, उचलतो. या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक जोडीत वेगळी आहेत, आणि गंमत अशी की ज्या जोडीत थ्रेडचा प्रश्न सुटतो तिथे क्लासलोडरचा प्रश्न डोके वर काढतो.

तीन टूलकिट, तीन स्वभाव

स्विंग १९९८ मध्ये जावाच्या १.२ आवृत्तीबरोबर आले. त्याचे बटण हे ऑपरेटिंग सिस्टीमचे बटण नसते. स्विंग ते स्वतः रंगवते. सर्व घटना इव्हेंट डिस्पॅच थ्रेड नावाच्या एका थ्रेडवर येतात, आणि हा थ्रेड जावा स्वतःच सुरू करते. मॉड्यूलर प्लॅटफॉर्मच्या दृष्टीने स्विंगचा सर्वांत मोठा गुण हा, की ते जेडीकेच्या, म्हणजे जावाच्या मूळ विकास संचाच्या, आतच आहे. त्यासाठी वेगळी लायब्ररी न्यावी लागत नाही, वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी वेगळी जारही (वर्ग एकत्र बांधलेली फाइल) लागत नाही.

एसडब्ल्यूटी आयबीएमच्या गोटात तयार झाले आणि २००१ मध्ये एक्लिप्सबरोबर खुले झाले. ते जेएनआय या नेटिव्ह कोडशी बोलण्याच्या जावाच्या सोयीमार्फत ऑपरेटिंग सिस्टीमचेच विजेट (बटण, खाना यांसारखे घटक) वापरते: विंडोजवर विन३२, लिनक्सवर जीटीके, मॅकवर कोको. त्यामुळे ते खरोखरच त्या त्या सिस्टीमसारखे दिसते व वागते. पण प्रत्येक सिस्टीमसाठी वेगळा नेटिव्ह भाग बरोबर न्यावा लागतो, आणि चित्रे, फॉन्ट यांसारखी साधने काम झाल्यावर स्वतः डिस्पोज, म्हणजे मोकळी, करावी लागतात. हे विसरणाऱ्यांना विंडोजवर ‘नो मोअर हँडल्स’ ही चूक कधी ना कधी भेटते. एसडब्ल्यूटीत घटनांचा फेरा आपला आपण फिरवायचा असतो. ज्या थ्रेडने डिस्प्ले हा वर्ग निर्माण केला तोच थ्रेड विजेटांना हात लावू शकतो. दुसऱ्याने लावला तर ‘इन्व्हॅलिड थ्रेड अ‍ॅक्सेस’ हा अपवाद तत्काळ फेकला जातो. स्विंग अशा वेळी बहुधा गप्प बसते आणि चूक पुढे कधीतरी विचित्र रूपात उघड होते. या एका बाबतीत एसडब्ल्यूटीचा कडकपणा मला अधिक आवडतो.

जावाएफएक्सचा प्रवास वळणावळणाचा आहे. २००८ मध्ये ते एका वेगळ्या स्क्रिप्ट भाषेसह आले, २०११ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत ती भाषा सोडून निव्वळ जावाचा एपीआय झाले, २०१४ मध्ये जावा ८ बरोबर जेडीकेमध्ये पूर्णपणे बसले आणि २०१८ मध्ये जावा ११ येताना ओरॅकलने ते जेडीकेमधून पुन्हा बाहेर काढले. आज ते ओपनजेएफएक्स या नावाने स्वतंत्रपणे वाढते आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. दृश्यवृक्ष, सीएसएस, बंधने, ॲनिमेशन, स्क्रीनची मांडणी फाइलमध्ये लिहिण्याचे एफएक्सएमएल यांमुळे नव्या स्क्रीनसाठी ते तिघांत सर्वांत सुखाचे आहे. मात्र जेडीकेबाहेर पडल्यामुळे मॉड्यूलर प्लॅटफॉर्मवर त्याला जागा करून देणे हे वेगळे काम होऊन बसले आहे.

प्लॅटफॉर्म

एक्लिप्सने २००४ मध्ये, ३.० या आवृत्तीत, आपली जुनी प्लगइन व्यवस्था सोडून ओएसजीआय हे जावाच्या मॉड्यूलांचे मानक स्वीकारले. प्रत्येक प्लगइन हे बंडल असते, त्याला स्वतःचा क्लासलोडर असतो, आणि मॅनिफेस्टमध्ये (बंडलची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) आयात न केलेले पॅकेज त्याला दिसत नाही. पुढे २०१२ मध्ये ४.२ या आवृत्तीपासून स्क्रीनची रचना एका मॉडेलमध्ये मांडली जाऊ लागली आणि ते मॉडेल रंगवणारा भाग वेगळा काढला गेला. म्हणजे तत्त्वतः एसडब्ल्यूटीऐवजी दुसरा रेंडरर लावता येतो, आणि ‘ईएफएक्सक्लिप्स’ या प्रकल्पाने जावाएफएक्सचा असा रेंडरर करूनही दाखवला. तरीही एक्लिप्सच्या परिसरातील बहुतेक तयार घटक, म्हणजे संपादक, एसडब्ल्यूटीला पूरक असलेला जेफेस संच, मोठ्या तक्त्यांसाठीचे नॅटटेबल, आकृत्यांसाठीचे जीईएफ, हे पारंपरिकरीत्या एसडब्ल्यूटीवरच बांधलेले असल्यामुळे रेंडरर बदलला की त्यांच्यावर पाणी सोडावे लागते. हा व्यवहार फार थोड्यांना परवडतो.

नेटबीन्सची सुरुवात १९९६ मध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली. सनने ते १९९९ मध्ये विकत घेतले, २०१० मध्ये ते ओरॅकलकडे गेले, २०१६ मध्ये अपाचे फाउंडेशनकडे आणि २०१९ मध्ये तिथला पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाले. त्याची स्वतःची मॉड्यूल व्यवस्था आहे आणि ६.९ आवृत्तीपासून त्याच अनुप्रयोगात ओएसजीआय बंडलही चालवता येतात. स्क्रीन मात्र आरंभापासून स्विंगची. टॉपकॉम्पोनंट ही त्याची विंडो स्विंगचाच एक घटक आहे, त्यामुळे आपले जुने स्विंग पॅनेल त्यात थेट बसते, मध्ये पूल लागत नाही.

कोणाच्या पाठीशी कोण उभे आहे हेही पाहण्यासारखे आहे. व्हिज्युअलव्हीएम, डिजिटल न्यायवैद्यक तपासासाठी वापरले जाणारे ऑटोप्सी, युरोपीय अंतराळ संस्थेचे उपग्रहचित्रांवर काम करणारे स्नॅप आणि जाळ्यांच्या आकृत्या काढणारे गेफी ही सॉफ्टवेअरे नेटबीन्स प्लॅटफॉर्मवर आहेत. डीबीव्हर, नाईम आणि जेडीके मिशन कंट्रोल एक्लिप्सवर आहेत. व्हिज्युअलव्हीएम आणि मिशन कंट्रोल दोघेही चालत्या जावा प्रोग्रामची नाडी तपासतात. काम जवळजवळ एकच, प्लॅटफॉर्म दोन, आणि दोन्ही वर्षानुवर्षे टिकून आहेत. तेव्हा एखादा प्लॅटफॉर्म मुळातच कच्चा आहे असे म्हणायला जागा नाही.

एक्लिप्समध्ये स्विंग: एका घरात दोन चुली

एसडब्ल्यूटीमध्ये स्विंग बसवण्यासाठी एसडब्ल्यूटी-एडब्ल्यूटी नावाचा पूल एसडब्ल्यूटीबरोबरच मिळतो (एडब्ल्यूटी हे स्विंगच्या पायाशी असलेले जावाचे जुने टूलकिट). ‘एम्बेडेड’ शैलीचा कॉम्पोझिट तयार करायचा, पुलाकडून त्यात एक फ्रेम मागायची आणि त्या फ्रेममध्ये आपले स्विंग घालायचे. दहा-बारा ओळींत पहिला नमुना चालतो, आणि नेमकी हीच या पुलाची फसवी बाजू आहे. प्रात्यक्षिकात सगळे छान दिसते. खरे काम त्यानंतर सुरू होते.

क्लासलोडरच्या बाजूने इथे फारसा त्रास नाही. स्विंग जेडीकेमध्ये असल्यामुळे ओएसजीआयचे सिस्टीम बंडलच त्याची पॅकेज पुरवते; बंडलच्या मॅनिफेस्टमध्ये ती आयात केली की झाले. अपवाद बाहेरच्या लूक अँड फीलचा, म्हणजे स्विंगचे रूप ठरवणाऱ्या लायब्ररीचा. फ्लॅटलॅफसारखे लूक अँड फील एखाद्या बंडलमध्ये ठेवले तर स्विंगला त्याचे वर्ग सापडत नाहीत, कारण ते शोधताना स्विंग आपल्या बंडलच्या क्लासलोडरला विचारत नाही. स्विंगच्या यूआयमॅनेजर या वर्गात ‘क्लासलोडर’ या किल्लीखाली तो स्वतः ठेवावा लागतो. माहीत असेल तर एका ओळीचे काम आहे, नसेल तर दिवस जातो.

खरा प्रश्न थ्रेडचा. एसडब्ल्यूटीचा थ्रेड वेगळा, स्विंगचा वेगळा, आणि दोघांनाही आपापल्या विजेटांवर पूर्ण हक्क हवा. एका घरात दोन चुली पेटल्या की काय शिजते आहे याचा हिशोब कोणा एकाला राहत नाही, तसे हे होते. स्विंगच्या तक्त्यात ओळ निवडली आणि तिचे तपशील एसडब्ल्यूटीच्या गुणधर्म-पटलात दाखवायचे आहेत, एवढ्या साध्या गोष्टीलाही एका थ्रेडवरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. ही उडी एसिंकएक्झेक आणि इन्व्होकलेटर यांनीच मारावी, म्हणजे निरोप ठेवावा आणि पुढे जावे. उत्तराची वाट पाहणारी सिंकएक्झेक आणि इन्व्होकअँडवेट ही रूपे दोन्ही बाजूंनी वापरली, की कधीतरी स्विंगचा थ्रेड एसडब्ल्यूटीची वाट पाहत असतो आणि त्याच क्षणी एसडब्ल्यूटी स्विंगची, आणि संपूर्ण सॉफ्टवेअर गोठते. हा दोष चाचणीत क्वचितच सापडतो, कारण त्याला वेळेची अचूक गाठ पडावी लागते. ग्राहकाच्या यंत्रावर मात्र ती पडते. नियम म्हणून वाट पाहणाऱ्या हाका मनाई कराव्यात आणि कोड तपासणीत त्यावर डोळा ठेवावा, एवढेच करता येते.

त्याखेरीज किरकोळ वाटणाऱ्या पण वापरकर्त्याला रोज जाणवणाऱ्या गोष्टी आहेत. स्विंगचा मोडल डायलॉग (बंद होईपर्यंत मागचे काम थांबवणारी विंडो) उघडला तरी मागची एक्लिप्सची विंडो चालूच राहते, कारण त्या विंडोला या डायलॉगची खबर नसते. ती आपण हाताने थांबवावी लागते. फोकस स्विंगच्या घटकात असताना एक्लिप्सचे शॉर्टकट पोहोचत नाहीत. टॅब कळीने एका जगातून दुसऱ्यात जाणे आपोआप होत नाही. विंडोचा आकार बदलताना विंडोजवर लुकलुक होते, ती कमी करायला पार्श्वभूमी पुसण्याचे काम बंद करणारा एक सिस्टीम गुणधर्म लावावा लागतो. एक्लिप्सची गडद थीम स्विंगपर्यंत उतरत नाही. आणि विंडोजवर स्क्रीनचे प्रमाण १५० टक्के असेल, तर स्विंग जावा ९ पासून ते अपूर्णांकासह पाळते, एसडब्ल्यूटी मात्र आपल्या ठरलेल्या पद्धतीने पूर्णांकाकडे झुकवते. परिणामी एकाच विंडोतील दोन भागांची अक्षरे किंवा चिन्हे लहानमोठी दिसू शकतात. अलीकडच्या एसडब्ल्यूटीत या बाबतीत पुष्कळ काम झाले आहे, तेव्हा हा मुद्दा आपल्या नेमक्या आवृत्तीवर तपासूनच मोजावा.

मॅकवर हा पूल सर्वांत नाजूक आहे. तिथे एसडब्ल्यूटीला प्रक्रियेचा पहिलाच थ्रेड हवा असतो, म्हणून जावा सुरू करताना ‘एक्सस्टार्टऑनफर्स्टथ्रेड’ हा पर्याय द्यावा लागतो, आणि एडब्ल्यूटीलाही त्याच थ्रेडशी मॅकच्या यंत्रणेमार्फत बोलावे लागते; या ओढाताणीतून विंडो अडकण्याचे प्रकार घडतात. लिनक्सवर पूल एक्स११ या जुन्या विंडो-व्यवस्थेच्या, विंडो एकमेकींत बसवण्याच्या सोयीवर चालतो. तिच्या जागी येत असलेल्या वेलँडमध्ये ती सोय नाही, आणि जीटीके ४ मधून त्यासाठीचा जीटीकेसॉकेट हा घटक काढूनच टाकला आहे. म्हणजे लिनक्सवर या वाटेचे भवितव्य अरुंद होत चालले आहे, आणि नव्या प्रकल्पाने त्यावर पुढील दहा वर्षांचा भार टाकू नये.

मिश्रण अशक्य आहे असे मात्र नाही. विदा विश्लेषणाचे नाईम हे याचे ठळक उदाहरण: प्लॅटफॉर्म एक्लिप्सचा, आणि नोडचे, म्हणजे विश्लेषणाच्या टप्प्यांचे, डायलॉग वर्षानुवर्षे स्विंगचे. हजारो वापरकर्ते त्यावर काम करत आले. पण २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत त्यांनी नवा दर्शनी भाग वेब तंत्रावर नेला, स्विंग आणि एसडब्ल्यूटी यांचा संसार पुढे वाढवला नाही, हेही लक्षात घ्यावे.

एक्लिप्समध्ये जावाएफएक्स: थ्रेड सुटतो, क्लासलोडर अडतो

एसडब्ल्यूटी आणि जावाएफएक्स यांच्यातील पूल एफएक्सकॅनव्हास नावाचा. तो एसडब्ल्यूटीच्या कॅनव्हासचाच उपवर्ग आहे, आणि त्याची सर्वांत मोठी देणगी ही, की तो वापरला असता जावाएफएक्स वेगळा थ्रेड न उघडता एसडब्ल्यूटीच्याच थ्रेडवर चालते. वर सांगितलेली निम्मी दुखणी यामुळे जन्मालाच येत नाहीत. निवडलेली ओळ गुणधर्म-पटलात दाखवणे म्हणजे साधी मेथड हाक. कळांच्या बाबतीत परिस्थिती स्विंगच्या उलट असते: दाबलेली कळ आधी एसडब्ल्यूटीकडे येते, म्हणून एक्लिप्सच्या शॉर्टकटांचा हक्क पहिला, आणि जावाएफएक्सच्या मजकूर-खान्यात नक्कल, चिकटवणे यांसारख्या कळा पोहोचतात की नाही हे प्रत्येक स्क्रीनवर पाहावे लागते.

मग अडचण कुठे? जावाएफएक्स ११ पासून बाहेरचे झाले. त्याचे मॉड्यूल जावाच्या मॉड्यूल पाथवर ठेवले, किंवा जावाएफएक्ससह येणारे लिबेरिकाचे वा झुलूचे जेडीके घेतले, तर ओएसजीआयचे सिस्टीम बंडल त्याची पॅकेज बंडलांना पुरवू शकते आणि साधे बटण-लेबल दिसू लागते. पण एफएक्सकॅनव्हास ज्या जारमध्ये आहे त्या जारला एसडब्ल्यूटीचे वर्गही दिसावे लागतात, आणि एसडब्ल्यूटी तर एक्लिप्सच्या बंडलमध्ये, म्हणजे खालच्या क्लासलोडरमध्ये आहे. वरच्या थरातील वर्गाला खालच्या थरातील वर्ग दिसत नाही हा जावाचा नियम इथे आडवा येतो. ईएफएक्सक्लिप्सने यासाठी इक्विनॉक्सला, म्हणजे एक्लिप्समधील ओएसजीआयच्या अंमलबजावणीला, एक हूक (जोड-कोड) लावून वेगळा मॉड्यूल-थर उभा केला, ज्यातून जावाएफएक्स आणि एसडब्ल्यूटी एकमेकांना सापडतात. हा हूक वापरायचा तर तो फ्रेमवर्कचे विस्तार म्हणून सुरुवातीलाच चढवावा लागतो. नेहमीच्या बंडलसारखा मधूनच बसवता येत नाही. हे काम आपल्या चमूत कोणाला तरी मुळापासून समजले पाहिजे. नाहीतर जावाची किंवा जावाएफएक्सची आवृत्ती बदलली, की सॉफ्टवेअर सुरूच होत नाही आणि कारण कोणालाच सांगता येत नाही.

दुसरा नियम नेटिव्ह लायब्ररींचा. जावामध्ये एक नेटिव्ह लायब्ररी एका वेळी एकाच क्लासलोडरची असते. दुसऱ्याने मागितली तर ‘आधीच दुसऱ्या क्लासलोडरने उचलली आहे’ असे म्हणून जावा नकार देते. ओएसजीआयचा मोठा दावा आहे तो चालू सॉफ्टवेअरमध्ये बंडल काढून नवे बसवण्याचा. टूलकिटच्या बंडलांना हा दावा लागू नाही असे समजून चालावे. दोन प्लगइनांनी आपापल्या पोटात जावाएफएक्सच्या जार घालून आणल्या, तर पहिले चालेल आणि दुसरे कोसळेल. जावाएफएक्स संपूर्ण अनुप्रयोगात एकदाच, एकाच ठिकाणाहून उचलले गेले पाहिजे. एसडब्ल्यूटीने हे शहाणपण आधीच दाखवले आहे: मुख्य बंडल जवळपास रिकामे, आणि प्रत्येक सिस्टीमसाठी वेगळे फ्रॅगमेंट (बंडलला जोडला जाणारा भाग), ज्याच्या मॅनिफेस्टमधील गाळणी ठरवते की ते या यंत्रावर लागू आहे की नाही. टायको या बिल्ड साधनाला ही रचना ठाऊक आहे आणि एकाच बिल्डमधून विंडोज, लिनक्स व मॅकची वेगवेगळी उत्पादने निघतात. जावाएफएक्सची अशी बांधणी आपण स्वतः करावी लागते.

एफएक्सएमएल वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. एफएक्सएमएललोडर डीफॉल्टने थ्रेडच्या कॉन्टेक्स्ट क्लासलोडरकडे वर्ग मागतो, आणि ओएसजीआयमध्ये तो आपल्या बंडलचा असेलच असे नाही. लोडरला आपल्या वर्गाचा क्लासलोडर स्पष्टपणे द्यावा. अन्यथा कंट्रोलर सापडत नाही, आणि त्या चुकीबद्दलचा संदेश वाचून माणूस एफएक्सएमएल फाइलमध्येच दोष शोधत बसतो.

चित्रण-वेगाबद्दलही अवास्तव अपेक्षा नसाव्यात. एफएक्सकॅनव्हास जावाएफएक्सचे चित्र आधी पडद्यामागे तयार करून घेतो आणि मग ते बिंदूबिंदूंनी एसडब्ल्यूटीच्या कॅनव्हासवर उतरवतो. बारीकसे फॉर्म, नेहमीचे आलेख यांना याचा फरक पडत नाही. पूर्ण स्क्रीनभर ४के मध्ये सतत हलणारे चित्र दाखवायचे असेल, तर स्वतंत्र जावाएफएक्स विंडोत मिळणारा वेग इथे मिळणार नाही.

नेटबीन्समध्ये जावाएफएक्स

इथला पूल जेएफएक्सपॅनेल. तो स्विंगचा घटक असल्याने टॉपकॉम्पोनंटमध्ये सरळ बसतो, आणि तो निर्माण होताच जावाएफएक्सची यंत्रणा आपोआप सुरू होते. क्लासलोडरचे गणित एक्लिप्सपेक्षा सोपे आहे, कारण जेएफएक्सपॅनेलला हवे असलेले स्विंग जेडीकेमध्येच आहे. वरच्या थराने खालच्या थराकडे पाहण्याचा पेच पडत नाही. जावाएफएक्सच्या जार एका आवरण-मॉड्यूलमध्ये ठेवून बाकी सर्व मॉड्यूल त्याच्यावर अवलंबून ठेवली की व्यवस्था लागते. जावाएफएक्स त्याला अनामिक मॉड्यूलमधून उचलल्याची तक्रार सुरुवातीला छापते. तो इशारा असतो, अडथळा नव्हे. प्रत्येक सिस्टीमच्या नेटिव्ह जार वेगळ्या, हे ओझे मात्र इथेही आहेच.

थ्रेड इथे पुन्हा दोन: स्विंगचा आणि जावाएफएक्सचा. दोन्ही एक करणारा एक प्रायोगिक पर्याय आहे, परंतु तो प्रायोगिक म्हणूनच ओळखला जातो आणि मी त्यावर उत्पादन उभे करणार नाही. तरीही हे मिश्रण एसडब्ल्यूटी-स्विंग जोडीपेक्षा पुष्कळ शांत आहे. जेएफएक्सपॅनेल दुसऱ्याच्या नेटिव्ह विंडोत विंडो घुसवत नाही, स्विंगच्या पृष्ठभागावर चित्र काढते. म्हणून वेलँड, फोकस, लुकलुक यांचे त्रास त्या प्रमाणात येत नाहीत.

एक खोडी मात्र जवळजवळ प्रत्येकाला चकवते. वापरकर्त्याने जावाएफएक्स असलेले शेवटचे पटल बंद केले, की शेवटची विंडो गेली असे समजून जावाएफएक्स आपली यंत्रणा गुंडाळते, आणि एका प्रक्रियेत ती पुन्हा सुरू होत नाही. तेच पटल मेनूतून परत उघडले तर रिकामे दिसते. जावाएफएक्सच्या प्लॅटफॉर्म नावाच्या वर्गावर सेटइम्प्लिसिटएक्झिट ही मेथड ‘नाही’ देऊन सुरुवातीलाच बोलावणे हा उपाय आहे, आणि तो एक्लिप्समधील एफएक्सकॅनव्हासलाही तितकाच लागू आहे. पटले उघडणे-मिटणे हेच ज्या प्लॅटफॉर्मचे वैशिष्ट्य, तिथे ही ओळ विसरून चालत नाही.

लिनक्सवरील जीटीकेचा पेच

हे थोडक्यात. एका प्रक्रियेत जीटीके २ आणि जीटीके ३ दोन्ही राहू शकत नाहीत. जावा ८ च्या काळात जावाएफएक्स जीटीके २ मागत असे आणि एसडब्ल्यूटी ३, त्यामुळे दोघे भेटताच सॉफ्टवेअर मरत असे. ११ पासून दोघे ३ वर आले आणि प्रश्न मिटला. अजून जावा ८ वर अडकलेल्यांनी मिश्रणाचा विचार करण्याआधी जावा बदलावी.

मराठी मजकूर आणि स्क्रीन वाचक

आपल्याकडच्या सॉफ्टवेअरला हा मुद्दा दुय्यम मानता येत नाही. एसडब्ल्यूटी मजकूर ऑपरेटिंग सिस्टीमकडूनच काढून घेते, त्यामुळे देवनागरीची जोडाक्षरे सिस्टीमच्या इतर सॉफ्टवेअरसारखीच येतात. स्विंगने जावा ९ पासून अक्षरजुळणीची हार्फबझ लायब्ररी घेतली, तेव्हापासून त्याचीही देवनागरी सुधारली. जावाएफएक्स गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी विंडोजवर डायरेक्टराइट, लिनक्सवर पँगो आणि मॅकवर कोअरटेक्स्ट वापरते. तिन्ही आज वापरण्याजोगी आहेत. फरक आढळतो तो कर्सर अक्षरसमूहातून कसा सरकतो, बॅकस्पेस नेमके काय खोडते आणि इन्स्क्रिप्ट वा फोनेटिक कळफलक बसवलेल्या खान्यात कसा चालतो यात. ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘शक्ती’, ‘क्षेत्र’ असे शब्द तक्त्याच्या खान्यात टंकून आणि खोडून पाहावेत. तक्ता पाहून समाधान मानू नये, कारण दाखवणे आणि संपादन करणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी एसडब्ल्यूटी सरस आहे, कारण विजेट सिस्टीमचेच असल्याने स्क्रीन वाचकाला, म्हणजे स्क्रीन मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ते ओळखीचे वाटतात. स्विंगला विंडोजवर जावा ॲक्सेस ब्रिज सुरू करावा लागतो. जावाएफएक्सला विंडोज आणि मॅकवर ८यू४० (जावा ८ चे ४० वे अपडेट) पासून आधार मिळाला. सरकारी किंवा बँकेच्या कामासाठी निविदा भरणाऱ्यांनी हा मुद्दा करारापूर्वी पाहावा, आणि मिश्र स्क्रीनवर तर दोनदा पाहावा. पुलापलीकडचा भाग स्क्रीन वाचकासाठी मुकाच राहण्याची शक्यता असते.

मग काय घ्यावे

हाती स्विंगचे स्क्रीन मोठ्या संख्येने असतील आणि ते चांगले चालत असतील, तर नेटबीन्स प्लॅटफॉर्म घ्यावा. यावर मला फारसा संशय नाही. फ्लॅटलॅफ लावले की स्विंग आज जुनाट दिसत नाही, नेटबीन्सने स्वतःही तेच स्वीकारले आहे, आणि जावाएफएक्सचे चारदोन स्क्रीन जेएफएक्सपॅनेलमध्ये सुखाने राहतात. ‘एक्लिप्स अधिक लोकप्रिय आहे’ एवढ्या कारणासाठी स्विंगचा मोठा संसार एसडब्ल्यूटीच्या घरात हलवणे म्हणजे थ्रेडचे दुखणे विकत घेणे आहे.

कामाचे मोल ज्या घटकांत आहे ते एक्लिप्सच्या परिसरात असतील, म्हणजे ईएमएफ या मॉडेल-चौकटीवरची मॉडेल, एक्सटेक्स्टमधील छोट्या भाषा, गिटची तयार पटले, अवाढव्य तक्ते, तर एक्लिप्सला पर्याय नाही. मग नवे स्क्रीनही एसडब्ल्यूटीतच लिहावेत. जावाएफएक्सचा मोह एखाद्या खास आलेखापुरता ठेवावा, आणि तेवढ्यासाठीही एसडब्ल्यूटीचा ब्राउझर घटक आधी आजमावावा. विंडोजवर तो एजचे वेबव्ह्यू२, तर मॅक व लिनक्सवर वेबकिट वापरतो; आलेख काढणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररी त्यात चालतात, आणि क्लासलोडरचा वाद मुळातच उद्भवत नाही. जुने स्विंग तिथे न्यावेच लागले, तर ते तात्पुरते आहे असे ठरवून, कोणता स्क्रीन कधी एसडब्ल्यूटीत नव्याने लिहिला जाईल याची तारीख लावून न्यावे.

सगळेच नव्याने आणि जावाएफएक्समध्येच लिहायचे असेल, तर दोन्ही प्लॅटफॉर्म बाजूला ठेवणे हाच मला सरळ मार्ग वाटतो. जावाएफएक्सला पहिली विंडो देऊन मागे फेलिक्ससारखे छोटे ओएसजीआय, किंवा जावाच्या स्वतःच्या मॉड्यूल आणि सर्व्हिसलोडरवर भागवता येते. पटलांची मांडणी आणि अपडेट यांचे काम स्वतः करावे लागेल, पण ते एकदाच. पुलाची डागडुजी प्रत्येक आवृत्तीला करावी लागते.

परवान्यांचा मुद्दा निवडीत अडथळा ठरू नये: एक्लिप्स ईपीएल २.०, नेटबीन्स अपाचे २.०, ओपनजेएफएक्स क्लासपाथ अपवादासह जीपीएल २, आणि तिन्ही व्यावसायिक उत्पादनात वापरता येतात. चाचणीचा खर्च मात्र जरूर धरावा. एसडब्ल्यूटीसाठी एसडब्ल्यूटीबॉट, स्विंगसाठी जेमी, जावाएफएक्ससाठी टेस्टएफएक्स ही वेगवेगळी साधने आहेत, आणि पुलाच्या दोन्ही काठांवर एकाच वेळी चालणारे साधन हाताशी नसल्याने मिश्र स्क्रीनची स्वयंचलित चाचणी बहुधा अर्धवटच राहते.

निर्णयाआधी जो नमुना करायचा, तो सुंदर नको, त्रासदायक हवा: पुलापलीकडे एक संपादन करता येणारा तक्ता, त्यातून उघडणारा मोडल डायलॉग, बंद करून पुन्हा उघडायचे पटल, आणि दोन वेगळ्या प्लगइनांतून वापरलेले तेच टूलकिट. तो वेलँडच्या लिनक्सवर, ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर आणि १५० टक्के प्रमाणाच्या विंडोज लॅपटॉपला १०० टक्क्यांचा बाहेरचा मॉनिटर जोडून चालवावा. यांपैकी जे यंत्र आपल्या ग्राहकाकडे नाही ते खुशाल वगळावे, पण जे आहे त्यावर नमुना अडला, तर त्या वाटेने पुढे जाऊ नये.